मेतोदीची चोरीला गेलेली लढाई

१

मार्च संपत आला होता, तेव्हा एका सकाळी आमच्या मेतोदीची लढाई चोरीला गेली.

लढाई कशी चोरीला जाईल, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. मी दिमो. ग्लुहोवो गावातलं एकुलतं एक दारूचं दुकान माझं, आणि थापाड्या म्हणून माझं नाव डॅन्यूबच्या पलीकडच्या काठालाही ठाऊक आहे. आमच्याकडे वारा असा की कोंबडी पूर्वेला अंडं घालते आणि ते पश्चिमेला फुटतं, हे मीच पसरवलेलं. पण आज सांगतोय ती थाप नाही. थाप असती तर मी तिला जरा बरा शेवट दिला असता.

तर मेतोदी दुकानात शिरला. गुडघ्यापर्यंत चिखल, टोपी हातात.

"दिमो, गेली रे," तो म्हणाला.

"कोण गेली?" मी विचारलं. आमच्या गावात 'गेली' म्हटलं की आधी हेच विचारतात. निम्म्याहून जास्त दारांवर काळ्या चौकटीतले फोटो चिकटवलेत. उरलेल्या दारांना फोटो लावायलाही कोणी नाही.

"कोण नाही. जागा गेली. माळावरचे माझे सगळे दगड काल कोणीतरी उचलले. दोरे नाहीत, खिळे नाहीत, गोळे नाहीत. गवत तेवढं आहे."

त्याने टोपी टेबलावर ठेवली आणि मी न विचारता त्याच्यापुढे रकिया ठेवली. मेतोदी सकाळी पीत नाही. त्या दिवशी प्यायला.

मेतोदी आमचा स्टेशनमास्तर. म्हणजे होता. आता गाड्या ग्लुहोवोला थांबत नाहीत, नुसत्या धडधडत जातात, पण एक्स्प्रेस जाताना हा अजून फलाटावर जाऊन ताठ उभा राहतो. बायको नाही, मूल नाही. आहे ती एक लढाई. फार फार पूर्वी रोमचं एक अख्खं दळ डॅन्यूबकडे निघालं आणि आमच्या टेकड्यांत कुठेतरी कापलं गेलं. कुठे, ते कोणालाच सापडलं नव्हतं. शहरातले विद्वान म्हणायचे, ती जागा तिकडे हमरस्त्यापाशी. मेतोदी म्हणायचा, इथे, ओढ्याच्या वरच्या माळावर. लोक हसायचे. मग हसणारे लोकही गाव सोडून गेले, आणि मेतोदी एकटाच 'इथे, इथे' म्हणत राहिला.

आणि या वर्षी त्याला ती सापडली होती. आमच्या माळाखाली बोगदे खणणारे आंधळे उंदीर आहेत, रात्रभर माती वर ढकलतात. त्या मातीच्या ढिगांत मेतोदीला गोफणीचे शिशाचे गोळे दिसले, आणि शिपायांच्या पायताणांच्या तळव्याला असतात ते लोखंडी खिळे. आज एक, उद्या दोन, असं करत पुष्कळ.

"आज दुपारी म्युझियमच्या बाई येणार," मेतोदी म्हणाला. "आणि बोझिन जेवण झालं की माळावर नांगर घालणार. बाईंनी सगळं जागच्या जागी पाहिलं तरच त्या नांगर थांबवू शकतात. आता त्यांना काय दाखवू? गवत?"

२

आमच्याकडे एक फौजदार आहे. हरालांपी. निवृत्त होऊन गावी परत आला आणि मधमाश्या पाळायला लागला. तेव्हापासून चौकशी करायला त्याच्याजवळ मधमाश्याच आहेत, आणि त्या काही कबूल करत नाहीत. चोरी झाली म्हटल्यावर म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जी कळा आली, ती मी त्याच्या लग्नातही पाहिली नव्हती.

"कोणी कशाला हात लावू नका," तो माळावर पोचता पोचता म्हणाला.

"लावायला ठेवलंय काय?" मेतोदी म्हणाला.

माळ उघडा होता. वारा, ओलं गवत आणि खाली ओढ्याचा आवाज. माळाच्या कडेला, गाडीवाटेजवळ, दगडांचा एक नीट रचलेला ढीग होता. मोठे खाली, लहान वर, चुलीजवळ लाकडं रचतात तसा.

"हे तुझेच दगड?"

"माझेच. प्रत्येक खिळा, प्रत्येक गोळा मी होता तिथेच ठेवला होता. वस्तू हलवली की मुकी होते, फौजदार. जागेवर असली की बोलते. वर दगड ठेवला, कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून. आणि वस्तूला लोकरीचा दोरा बांधला, माझा दगड मला ओळखता यावा म्हणून."

हरालांपी काठी टेकत माळभर फिरला. परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "एकही खड्डा नाही."

"मग?"

"मग काही नाही. खड्डा नाही, एवढंच. चल दिमो, माणसं तपासू."

"कोणती माणसं?" मी म्हणालो. "गावात आपण धरून पाच जण. बोझिन बाहेरचा. संशयित पुरवून पुरवून वापरावे लागतील."

३

पहिला गुन्चो. रात्रीबेरात्री यंत्र घेऊन पुरलेलं धन शोधत फिरतो. आजवर त्याला बाटल्यांची बुचं आणि एक सायकलची घंटी सापडलीय. दारातच बसून दाढी करत होता.

"मी?" तो म्हणाला. अर्धा गाल साबणाचा. "फौजदारसाहेब, तुम्ही माझा अपमान करताय. मी गेलो असतो तर खड्डा न पाडता परत आलो असतो? माझी काही इभ्रत आहे की नाही?"

"मेतोदीला काही सापडलंय हे तुला माहीत होतं?"

"खिळे! खिळे सापडलेत त्याला. खिळे मला हवे असते तर मी माझ्या बापाच्या गोठ्यातून उपटले असते." मग वस्तरा खाली घेऊन हळूच म्हणाला, "खरंच गेले का हो सगळे? तो रोज माझ्या खिडकीवरून जायचा. दिवसात तेवढंच एक माणूस दिसायचं."

दुसरा बोझिन. माळ त्याने खंडाने घेतलाय, शहरातून मोठ्या गाडीतून येतो. ट्रॅक्टरवर बसून सॅण्डविच खात होता.

"आजोबा, मला त्या दगडांचं काय? माझा फाळ दगड बघून लाजत नाही. आणि वेचायचेच असते तर असे रचून ठेवले असते? मी काय गवंडी आहे?"

"मेतोदीच्या बाई आल्या आणि त्यांना काही दिसलं नाही, तर फायदा तुझाच."

"माझाच. म्हणूनच मला चोरी करायची गरज नव्हती. मी काल सकाळी तुमच्या चौकात ओरडून सांगितलं की उद्या नांगर घालणार. ज्याला वाचवायचं होतं त्याने वाचवावं. जेवणापर्यंत थांबतोय, ते काय कमी आहे?"

हरालांपीने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "चौकात कोण होतं तेव्हा?"

"कोण असणार? कुत्रं होतं. आणि ती भाजीवाली म्हातारी."

४

भाजीवाली म्हातारी म्हणजे रुसा आजी. भाजी विकत नाही, वसंतात ओढ्याकाठी खाजरा पाला खुडायला जाते, एवढंच. तिची चारही मुलं परदेशात. स्पेन, जर्मनी, आणि कुठे कुठे. फोन येतात म्हणे. मी कधी ऐकलेला नाही.

आम्ही तिच्या अंगणात गेलो तेव्हा आलुबुखारचं झाड असं फुललं होतं की अंगणात दुसरं काही दिसेना. पांढरा फुलोरा, आणि त्यात मार्चचे लाल-पांढरे दोरे हलत होते. वसंतात फुललेल्या झाडावर दोरे असणारच. पहिल्या मार्चला आपण एकमेकांच्या मनगटाला बांधतो, करकोचा दिसला की सोडतो. कोणी झाडाला अडकवतो, कोणी दगडाखाली ठेवतो. माझा मी दगडाखाली ठेवला होता. नंतर दगड उचलून पाहिला तर मुंग्या. मुंग्या निघाल्या म्हणजे त्या वर्षी मेंढ्या वाढतात. माझ्याकडे एकही मेंढी नाही. कोणाच्या वाढणार ते मुंग्यांनाच माहीत.

झाडाखाली वाऱ्यावर काहीतरी किणकिणत होतं. आजीच्या शेळीची घंटा, असं म्हणून मी सोडून दिलं.

"या रे पोरांनो," आजी म्हणाली. हरालांपी सत्तरीचा आहे. "पाल्याची बानित्सा केलीय. भरपूर केलीय. चुकून."

"आजी, काल माळावर कोणी दिसलं?"

"दिसलं नाही कोणी." तिने ताटल्या मांडल्या. आमच्या दोन, तिची एक, आणि वर आणखी कितीतरी. "पण आले होते. सगळे आले होते."

"कोण सगळे?"

"सगळे, रे. गाव भरलं होतं. आणि मेल्यांनी, एकानेही माझं दार वाजवलं नाही." तिने एप्रनने ताटली पुसली, मग तीच पुन्हा पुसली. "असू दे. घाईत असतील. लांबून आले होते ना."

हरालांपीने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. म्हातारपण कोणाला कसं येतं सांगता येत नाही. मी बानित्साचे, म्हणजे पाला भरून भाजलेल्या त्या पदरी पोळीचे, दोन तुकडे खाल्ले, कारण एवढ्या ताटल्यांपुढे एकच खाणं बरं दिसेना, आणि आम्ही निघालो.

मेतोदी दुकानाच्या पायरीवर बसला होता. रस्त्याच्या टोकाला बस दिसायला लागली होती. तिकडे माळावर बोझिनने ट्रॅक्टर सुरू करून बघितला. नुसतं इंजिन, पण मेतोदीच्या खांद्यांनी तो आवाज ऐकला.

"बोल फौजदार," तो म्हणाला. "कोण?"

"अजून नाही. पण कोण नाही ते कळलं." हरालांपी त्याच्या शेजारी टेकला. "खड्डा नाही, म्हणजे गुन्चो नाही. दगड रचून ठेवले, म्हणजे बोझिन नाही. ते अशा माणसाने रचले ज्याच्या घरी नांगरणीआधी दगड वेचायची जुनी रीत होती. वाईट करायला आलेला माणूस रचत बसत नाही, भिरकावून देतो. आणि एक दोराही मागे राहिला नाही. ओल्या गवतात गुडघे टेकून एक न एक दोरा गोळा केला. मेतोदी, तुझ्या चोराला लढाई नको होती रे. त्याला दोरे हवे होते."

"दोरे? आईच्या टोपलीतली जुनी लोकर ती!"

"कसली लोकर?"

"साधी. दोन रंग पिळून दोरा केला, लांबून ओळखू यावा म्हणून. आपल्या रेल्वे फाटकाच्या दांड्यासारखा."

हरालांपी उठून उभा राहिला. काठी पायरीवरच राहिली.

"फाटकाचा दांडा," तो म्हणाला. "म्हणजे लाल आणि पांढरा."

५

मेतोदी मनगटाला दोरा कधीच बांधत नाही. आई गेल्यापासून बांधायला कोणी नव्हतं, मग त्याने ती गोष्टच डोक्यातून काढून टाकली. मार्च महिन्यात, माळावर, दगडांखाली लाल-पांढरे दोरे ठेवताना आपण काय करतोय हे आमच्या भागात फक्त एका माणसाला कळलं नसतं, आणि तो माणूस नेमका हा निघाला. त्याच्या डोक्यात लाल-पांढरं म्हणजे फाटक बंद.

"गावात पाच माणसं," हरालांपी चालता चालता म्हणत होता. काठीशिवाय चालत होता, हे त्याला घरी गेल्यावर कळलं. "मग त्या झाडावर एवढे दोरे कोणाचे? मी पाहिले, दिमो, तू पाहिलेस. घरच्या घड्याळासारखे पाहिले. रोजचंच म्हणून."

"आणि किणकिणत होतं ते..."

"तिची शेळी कुठाय?"

मी थांबलोच. शेळी तिने गेल्या शरदातच विकली होती. मीच गिऱ्हाईक आणून दिलं होतं.

रुसा आजीच्या फाटकाशी आम्ही तिघं उभे राहिलो. वारा आला. झाडभर लाल-पांढरे दोरे हलले आणि त्यांच्या टोकांना बांधलेले गंजके खिळे आणि शिशाचे गोळे एकमेकांना टेकून वाजले. फारच हळू. मेतोदीने फाटकाची कडी धरून ठेवली होती.

आजीला वाटलं आम्ही उरलेल्या बानित्सासाठी आलो.

"परवा करकोचा दिसला," हरालांपीने विचारल्यावर तिने सांगितलं. "म्हटलं आपला दोरा दगडाखाली ठेवावा. माळावर दगड उचलला, तर खाली कोणाचा तरी आधीच. दुसरा उचलला, तिथेही. तिसरा. सगळीकडे! म्हटलं, अगं बाई, पोरं आलीत. सगळी आली, करकोचा बघितला, दोरे ठेवले आणि गेली. मी काही बोलले नाही. काल तो ट्रॅक्टरवाला चौकात ओरडला. दोरा नांगराखाली गेला तर त्या माणसाचं वर्ष वाईट जातं रे. म्हणून सगळे आणले आणि झाडावर बांधले." ती मेतोदीकडे वळली. "खिळे कशाला बांधलेत ते कळलं नाही. स्पेनमध्ये तशी पद्धत असेल."

मग तिने विचारलं, "यातला माझ्या स्तामेनचा कुठला असेल?"

आता, हे काम माझं. आयुष्यभर मी दुसरं केलंय काय? माझ्या तोंडात अख्खी बस तयार होती. पहाटे आली, धुक्यात, स्तामेन पुढच्या सीटवर, ड्रायव्हरला घाई, आईला उठवू नका म्हणाला. मी तोंड उघडलंसुद्धा.

"एकही नाही, आजी," मेतोदी म्हणाला.

मी त्याच्या पायावर पाय दिला. त्याने पाय काढून घेतला.

"कोणी आलं नव्हतं. दोरे मीच ठेवले. तिथे फार पूर्वी एक लढाई झाली होती. जिथे त्यांचं काही पडलेलं दिसलं, तिथे मी एकेक दगड ठेवला."

आजी झाडाकडे बघत राहिली. मला मेतोदीचा राग आला, इतका की त्याची उधारी आठवली.

"म्हणजे हे मेलेल्यांचे," ती म्हणाली.

"हो."

"कोणाची पोरं होती?"

"लांबची. समुद्रापलीकडची. काही स्पेनचीसुद्धा असतील."

"आणि त्यांच्या आयांना कळलं होतं, ती कुठे गेली ते?"

"नाही," मेतोदी म्हणाला. "कोणालाच नाही."

आजीने मान हलवली. एका फांदीवरचा दोरा सैल झाला होता, तो तिने पुन्हा घट्ट बांधला.

"मग बरं केलं मी," ती म्हणाली.

६

म्युझियमच्या दरिना बाई शहरी बुटांत, कागदपत्रांची पिशवी काखेला मारून, तोपर्यंत फाटकाशी आल्या होत्या. त्यांनी झाड पाहिलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मेतोदी, मला फार वाईट वाटतं. पण झाडावरचे खिळे माझ्या उपयोगाचे नाहीत. ते कुठले हे मी कशावरून सांगू?"

"मला माहीत आहे," मेतोदी म्हणाला.

माळावरून ट्रॅक्टरचा आवाज आला. या वेळी नुसतं इंजिन नव्हतं.

"दगड कधीपासून होते तिथे?" बाईंनी विचारलं.

"करकोचे यायच्या आधीपासून. बरेच आधी."

"आणि उचलले काल?" बाईंनी पिशवी माझ्या हातात कोंबली. "मग इथे काय उभे आहात?"

आणि त्या पळाल्या. शहरी बुटांतून, चिखलातून. मी अशी बाई त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

माळावर त्यांनी बोझिनच्या नांगरासमोर हात आडवे केले आणि खाली बोट दाखवलं. हिरव्यागार गवतात तळहाताएवढी पिवळट जागा. दगडाखाली उजेड नसतो, गवत फिकं पडतं, आणि ते एका दिवसात हिरवं होत नाही. सकाळी आम्ही तिघं त्याच गवतावरून खड्डे शोधत फिरलो होतो. खड्डा नाही म्हणून खूश होतो. एक पिवळी जागा, पुढे दुसरी, पुढे आणखी. काहींच्या मधोमध खिळ्याच्या गंजाचा तांबडा ठिपका. जिथे गोळा होता तिथे ठिपका नाही. आणि कडेला रचलेल्या दगडांच्या पोटांवर तेच ठिपके, एकेक ताडून बघायला ठेवल्यासारखे.

बोझिनने ट्रॅक्टर बंद केला. "आणि माझं सूर्यफूल?" तो म्हणाला.

"दुसरीकडे पेर," गुन्चो म्हणाला. तो कधी आला कोणालाच कळलं नव्हतं. दाढी अजून एकाच गालाची होती.

गावातले आम्ही पाचही जण त्या दिवशी माळावर होतो. आजीसुद्धा, खाजऱ्या पाल्याची टोपली घेऊन. दरिना बाईंनी पिवळ्या जागांवर छोटे झेंडे रोवले. माळाच्या वरच्या अंगाला गोळ्यांची रांग, आणि तिथून खाली, ओढ्याकडे, खिळ्यांचे ठिपके. आधी दाट, मग विरळ, मग एखादा, मग काहीच नाही.

"हे पळत होते का रे?" आजीने विचारलं.

"हो, आजी."

"घराकडे?"

मेतोदीने ओढ्यापलीकडे पाहिलं. "नाही. घर त्या बाजूला नव्हतं."

खिळे आणि गोळे म्युझियममध्ये गेले. बाई एकेक वस्तू सोडवून पिशवीत घालत होत्या आणि आजी एकेक दोरा त्याच फांदीला परत बांधत होती. दोरे झाडाचे, ते कोणाला मिळणार नाहीत, असं तिने सरकारला बजावलं. मृतांच्या शनिवारी, गेलेल्यांच्या नावाने वाटतात तसा, तिने मोठ्ठं पातेलंभर गहू शिजवला आणि साखर घालून आम्हा सगळ्यांना माळावर नेलं. शहरातले विद्वान त्या जागेला काहीतरी लांबलचक लॅटिन नाव देतात. आम्ही तिला आजीची पोरं म्हणतो.

हां, एक राहिलं. त्या दिवशी माळावरून परत येताना आजीने मेतोदीला थांबवलं, स्वतःच्या मनगटावरचा दोरा सोडला, कारण तो तिने अजून कुठेच ठेवला नव्हता, आणि त्याच्या मनगटाला बांधला.

"अहो आजी, करकोचे आले. आता काय उपयोग?"

"मग पुढच्या वर्षीचे येईपर्यंत ठेव."

त्याने ठेवलाय. मळून काळा झालाय, लाल कुठला पांढरा कुठला कळत नाही. एक्स्प्रेस जाते तेव्हा तो हात वर करून फलाटावर उभा असतो. ही थाप वाटत असेल तर येऊन बघा. गाडी थांबत नाही, बसने यावं लागेल. पण माळ बघायला जाण्याआधी, फुललेलं झाड दिसेल त्या घरी जा, आणि दार वाजवा.